चार खुब्यांचा मेंढा

माझ्या धाकट्या दिराला मी अजून नावानं हाक मारलेली नाही. मी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा तो दारात नाक ओढत उभा होता आणि माझ्या डोक्यावरच्या नव्या रुमालाकडे टक लावून बघत होता. सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत, पण हाक तर मारायला हवी, म्हणून मी त्याला लहानगा म्हणायला लागले. पुढे तो राजधानीत शिकला, प्रोफेसर झाला, टक्कल पडलं, बायको गेली, पेन्शनीत निघाला. माझ्या लेखी तो लहानगाच राहिला. गावातले लोक त्याला बेशेन प्रोफेसर म्हणतात. ते तोंडावर. पाठीमागे म्हणतात लेंड्या-प्रोफेसर.

त्यात त्यांचीही चूक नाही. लहानग्यानं सगळी उमर मेंढीच्या पोटातल्या जंतांचा अभ्यास केला, आणि जंत बघायचे तर लेंड्या चाळाव्या लागतात. या कामाबद्दल सरकारनं त्याला पदक दिलं तेव्हा आमचे मालक हयात होते. त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "लहानग्या, आमच्या गोठ्यात ढीगभर पडल्यात. आम्हाला निदान एखादं प्रमाणपत्र?"

पेन्शनीत निघाल्यावर लेकीनं त्याला शहरात पाचव्या मजल्यावर एक सोफा दिला. तिथल्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात, एवढंच. वर्षभर तो त्या खिडक्या बघत बसला आणि एका वसंतात सूक्ष्मदर्शक तान्ह्या पोरासारखं रजईत गुंडाळून गावाला परत आला. माझ्या अंगणाच्या पलीकडची जुनी खोली त्यानं झाडून घेतली आणि जाहीर केलं, "वहिनी, मी आता समाजाला ज्ञान परत करणार."

मी म्हटलं, "समाजानं मागितलंय का?"

"समाजाला माहीत नसतं त्याला काय हवंय."

"मग हळू परत कर. एकदम केलंस तर सांडेल."

पहिलं ज्ञान त्यानं कुमीसमधून परत केलं. गावातल्या सगळ्या पांढऱ्या टोप्या, म्हणजे म्हातारी मंडळी, बोलावल्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा एक थेंब काचेवर टाकला आणि सर्वांत वडील म्हणून सातारकुल आबांना आधी बघायला लावलं. त्याला वाटलं होतं, थेंबात वळवळणारे जीव बघून म्हाताऱ्यांना स्वच्छतेचं महत्त्व कळेल. आबा बराच वेळ डोळा लावून बसले.

"हे सगळे जिवंत आहेत?"

"जिवंत, आबा."

"आणि मी रोज पितो त्यात असेच?"

"असेच. लाखोंनी."

"तरीच म्हटलं पोट कसं भरतं," असं म्हणून आबांनी आणखी एक वाडगा मागवला.

मग दुकानासमोर हवामानाचा फळा लागला. गवत कापायच्या दिवसांत लहानग्यानं फळ्यावर लिहिलं, पाऊस नाही. लोकांनी विश्वास ठेवला, गवत कापून पसरलं, आणि तळ्याच्या बाजूनं असा पाऊस आला की गुरांनी छत शोधलं. तर हा छत्री घेऊन फळ्याजवळ उभा राहिला आणि प्रत्येकाला खडूनं वाऱ्याचे बाण काढून समजावलं की पावसानं यायला नको होतं. पाऊस चुकला हे त्यानं सगळ्यांना पटवून दिलं. गवत मात्र ओलंच राहिलं.

त्यानंतर गोगलगायी आल्या. मेंढीच्या काळजातला जंत आधी डबक्यातल्या गोगलगायीत वाढतो म्हणे. ते पोरांना दाखवायला लहानग्यानं गोगलगायी पाळल्या, आणि कशात पाळल्या, तर माझ्या पिठाच्या परातीत. मी सकाळी पीठ मळायला परात ओढली तर कडेनं बारा शिंगं माझ्याकडे बघतायत. त्या दिवशी घरात नान झाले नाहीत, आणि लहानग्याला माझ्याकडून जे ज्ञान मिळालं ते त्यानं अजून समाजाला परत केलेलं नाही.

फावल्या वेळात तो कोमुझ वाजवतो. त्या वाद्याला तीन तारा असतात. त्याला त्या तीनही जास्त होतात.

पण पोरं यायची. हे मात्र मी मान्य करते. दुपार झाली की त्याच्या दारात चिखलाच्या बुटांची रांग लागायची. घरी जेवायला ज्यांना दहा हाका माराव्या लागतात ती पोरं माशीचा एक पाय बघायला मुकाट्यानं पाळी लावून बसायची. आणि तो त्यांच्याशी बोलताना फळ्यावरचा प्रोफेसर नसायचा. पोरानं विचारलं आणि त्याला माहीत नसलं तर म्हणायचा, "मला माहीत नाही, चल बघू." मोठ्या माणसाच्या तोंडून पोरांनी हे वाक्य आधी कधी ऐकलंच नव्हतं. ती त्याच वाक्यासाठी येत असावीत.

अडचण थंडीची होती. त्याच्या खोलीत चूल नाही, आणि आमच्याकडे हिवाळ्यात शाईसुद्धा गोठते. गावात चूल असलेली एकच रिकामी जागा होती, जुन्या सामूहिक शेतीच्या कचेरीतली कोपऱ्यातली खोली. उन्हाळ्यात गावप्रमुख जमीरबेकनं तिची किल्ली लहानग्याला दिली होती, तीही फुशारकीत, चार लोकांसमोर. शरदात त्याच्या मेव्हण्यानं शहरातून बिलियर्डचं टेबल आणलं, आणि जमीरबेकला ती फुशारकी आठवून आठवून पस्तावा व्हायला लागला.

तो घोड्यावरून न उतरताच म्हणाला, "प्रोफेसर, जिल्ह्याच्या शिक्षण खात्याच्या बाई येतायत पुढच्या महिन्यात. त्यांना दाखवण्यासारखं काही असलं तर खोली तुमची. नसलं तर रागावू नका, टेबल पावसात पडलंय. जवान पोरांनाही काही खेळायला हवं."

"दाखवण्यासारखं म्हणजे कसं?"

"मोठं. लांबून दिसेल असं. गोगलगायी नकोत."

त्या संध्याकाळी लहानग्यानं चहात साखर घातलीच नाही. म्हणाला, "खोली गेली तर पोरं हिवाळाभर घरी बसतील, वहिनी. वसंतापर्यंत ती मला विसरतील. मग मी इथे काय करू? परत जाऊन खिडक्या मोजू?"

मी वाटी ओढून घेतली. साखर घालून दिली.

दोन दिवसांनी तो उजळलेल्या तोंडानं आला. त्याला मोठं आणि लांबून दिसणारं सापडलं होतं. मेंढ्याचा सांगाडा! अख्खा, उभा, एकाच मेंढ्याच्या हाडांचा. मेंढ्यांवर जगणाऱ्या गावातल्या पोरांनी मेंढा आतून कधी पाहिलाच नाही, असं त्याचं म्हणणं.

"पाहिला नाही कसा? रोज खातात."

"खातात तुकड्यातुकड्यानं. जोडून कोण बघतं?"

आता यातली गोम अशी. मेंढा कापला आणि घरच्यांनीच दार लावून खाल्ला, असं आमच्यात कुणी करत नाही. करेल त्याच्या दारावरून लोक थुंकून जातील. मेंढा म्हटला की पाहुणे आले. आणि पाहुणे आले की हाडं वाटली जातात. हाड आमच्यात कुऱ्हाडीनं फोडत नाहीत, सांध्यातून सोडवतात, आणि वय आणि मान बघून ज्याचं त्याला देतात. सर्वांत वडील दोन पुरुषांना खुब्याचं हाड. त्यांच्या खालच्यांना नळ्या. त्याखाली फरा, बरगड्या, मणके. वडील बाईला शेपटाकडचा भाग, तो त्या दिवशी माझा. पाहुणा चार घास खातो आणि उरलेला वाटा पिशवीत घालून घरी नेतो, कारण घरी नातवंडं वाट बघत असतात. पाहुण्यानं वाटा न नेता ठेवला तर यजमानाचा अपमान, आणि यजमानानं ठेवायला सांगितला तर पाहुण्याचा.

मी विचारलं, "मग तुझी हाडं?"

"जेवण झाल्यावर मी सगळ्यांना विनंती करीन. विज्ञानासाठी म्हणून सांगेन."

"बरं. सांग हं."

पेन्शनीतून मेंढा आला. माझ्या मुलानं तो कापला, मी आणि सुनेनं मांसावर वाढायच्या शेवयांसाठी, म्हणजे बेशबरमाकसाठी, पीठ लाटलं, लहानगा चुलीभोवती फिरत "जास्त शिजवू नका, हाड ठिसूळ होतं" म्हणून आम्हाला भंडावत राहिला. संध्याकाळी पाहुणे बसले. दाराच्या समोर, मानाच्या जागी सातारकुल आबा. त्यांच्या शेजारी इस्खाक, जुना मुकादम. मग दुइशेनकुल, पूर्वीचा कोठारवाला. हा इस्खाकपेक्षा एका हिवाळ्यानं लहान, आणि ते दुःख त्यानं जन्मभर जपलेलं. मग जमीरबेक गावप्रमुख. दाराजवळ शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर तालाय, कारण हाडं उकळायला मोठा हंडा त्यानंच आणला होता.

वाटप माझ्या मुलानं अगदी बिनचूक केलं. डावा खुबा आबांना, उजवा इस्खाकला. दुइशेनकुलला मांडीची नळी, जमीरबेकला दुसरी मांडीची. तालायला पुढच्या पायाची.

दुइशेनकुल नळीकडे बघत म्हणाला, "इस्खाक, तुझे दात आहेत का खुबा खायला?"

"दात नाहीत, पण वय आहे," इस्खाक म्हणाला. "तुझं उलटं."

जेवण झालं. हात धुऊन झाले. लहानगा उठून उभा राहिला, घसा साफ केला, आणि त्याच क्षणी आबांनी दोन्ही तळहात वर करून दुवा द्यायला सुरुवात केली. "बेशेनच्या शाळेचं भलं होवो, चूल पेटती राहो, पोरं शहाणी होवोत," अशी लांबलचक. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले आणि पिशव्या खुळखुळू लागल्या. लहानगा तोंड उघडं ठेवून उभा होता. एकेकजण त्याला मिठी मारून, विज्ञान काखेत मारून, निघून गेला.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "सांगितलंस?"

"दुवा चालू असताना कसं सांगणार?"

"मग आता टोपली घे. उद्या दारोदार."

एकट्या पुरुषानं हाडं मागत फिरणं बरं दिसत नाही, म्हणून मी बरोबर गेले. इस्खाककडे काही त्रास झाला नाही. त्यानं खुबा धुऊन, पुसून, खिडकीत ठेवलाच होता, रस्त्यावरून दिसेल असा. "डाग पडू देऊ नकोस," एवढंच बजावलं.

दुइशेनकुलच्या दारात त्याची बायकोच पुढे आली, तोंडभर हसत. "या, या! तुमच्या दिराचे उपकार हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी आमच्या म्हाताऱ्याला खुबा दिला. इस्खाकच्या बरोबरीनं! रात्रभर तेच सांगत होते."

मी दुइशेनकुलकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. चुलीजवळ त्याची नात बेगिमाय बसली होती, लहानग्याच्या वर्गातली. ती आजोबांकडे बघत होती.

लहानगा भाबडेपणानं म्हणाला, "खुबा? पण दुइशेनकुलदादा, तुम्हाला तर..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. माझ्या पायात जाड रबरी बूट होते.

"ते... मी मागे ठेवलंय, थंडीला," असं म्हणून दुइशेनकुल मागच्या दारानं गेला. बराच वेळ गेला. मागून कुत्र्याचा केकाटण्याचा आवाज आला. मग तो हाताला माती लावून एक खुबा घेऊन आला आणि टोपलीत असा ठेवला की जणू लहान बाळ झोपवतोय. रस्त्यावर आल्यावर लहानगा कुजबुजला, "वहिनी, हे बोकडाचं आहे. आणि गेल्या वर्षीचं."

"चाल पुढे."

तालायच्या आईनं डोळ्यांत पाणी आणून खुबा दिला. तालायला पस्तिशी नाही, पण आईला कोण सांगणार? खुबा माझ्या मुठीत मावेल एवढा होता. कोकराचा. "तुमचा मेंढा जरा लहानखुराच होता नाही?" ती म्हणाली, कौतुकातच.

जमीरबेककडे आम्ही गेलोच नाही. दुपारी त्याचं हाड मोटारीतून आलं, नव्या रुमालात गुंडाळून. खुबाच, पण केवढा! माझी परात निम्मी भरली असती. लहानग्यानं चष्मा वर केला, खाली केला. "वासरू," तो म्हणाला. "चांगलं वाढलेलं."

शेवटी आबा. ते उन्हात बसून घोड्याचा लगाम शिवत होते.

"हाड? ते कुत्र्यानं नेलं की. मांस मी खाल्लं, हाड त्यानं. कुणाचं भांडण नाही."

म्हणजे झालं काय बघा. त्या बिचाऱ्या मेंढ्याचे खुबे दोन. टोपलीत आले चार. आणि त्या चारात त्याचा स्वतःचा एकच. ज्या एका माणसाला काही सिद्ध करायचं नव्हतं, नेमकं त्याचंच हाड कुत्र्याच्या पोटात. आणि ज्यांना नळ्या मिळाल्या होत्या त्यांनी खुबे पाठवल्यामुळे मेंढ्याला पायच राहिले नव्हते.

लहानगा टोपलीसमोर डोकं धरून बसला. मी म्हटलं, "आपण कुणाकडून तरी दुसऱ्या मेंढ्याची हाडं..."

"नाही. एकाच मेंढ्याचा म्हटलंय पोरांना."

दुसऱ्या दिवशी बेगिमाय आली. तिनं उजवा बूट काढला आणि त्यातून आजोबांची नळी बाहेर काढली, खरी. संध्याकाळपर्यंत जमीरबेकच्या धाकट्या मुलानं कोटाच्या बाहीतून दुसरी आणली. तालायची भाची तिसरी. पोरांना घरातलं सगळं माहीत असतं, कुठली पिशवी कुठे लपवली तेसुद्धा. महिनाभर तारा, डिंक आणि भांडणं चालली. मेंढा हळूहळू उभा राहिला. सगळा जमला, फक्त डावा खुबा नाही. लहानग्यानं तिन्ही पाहुणे खुबे लावून बघितले. बोकडाचा लावला तर मेंढा कलला, कोकराचा लावला तर बसला, वासराचा लावला तर पडलाच. शेवटी डावा पाय नुसत्या तारेनं टांगला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं लंगड्या.

बाई यायच्या दिवशी मी सकाळीच चूल पेटवायला तिथे गेले आणि बघते तर काय. भिंतीवर फळी, फळीवर चारही खुबे ओळीनं, आणि प्रत्येकाखाली लहानग्याच्या अक्षरात चिठ्ठी. 'इस्खाक यांच्याकडून. मेंढा.' 'दुइशेनकुल यांच्याकडून. बोकड.' 'तालाय यांच्याकडून. कोकरू.' 'गावप्रमुख जमीरबेक यांच्याकडून. वासरू.'

"लहानग्या, तुला वेड लागलंय?"

"पोरांना फरक समजायला उत्तम आहे, वहिनी. चार जनावरं, एकच हाड. आणि देणाऱ्याचं नाव लिहायचंच असतं. नियम आहे."

"हा नियम तुला गावातून हाकलेल."

तेवढ्यात जमीरबेक आला, नवा कोट घालून. सांगाड्याभोवती फिरला, मान डोलावली. मग फळीपाशी गेला. वाचलं. कान लाल झाले.

"प्रोफेसर, हे काय?"

"खुबे."

"खाली काय लिहिलंय?"

"कुणाचे ते."

"वासरू काढा. मेंढा लिहा."

"जमीरबेक, एवढा मोठा मेंढा असता तर तुम्ही मोटार विकून त्याच्यावर बसून फिरला असता."

मला हसू आलं. मी चुलीत तोंड घातलं.

जमीरबेक हळू आवाजात म्हणाला, "बाईंसमोर माझी शोभा करणार? या खोलीत बसून? मेंढा लिहा, आणि खोली कायमची तुमची. नाहीतर किल्ली द्या."

लहानग्यानं सांगाड्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, पोरांच्या बाकांकडे पाहिलं. मग गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"सगळी उमर मी लेंड्या चाळल्या," तो म्हणाला. "मेंढीच्या त्या मेंढीच्या लिहिल्या, बकरीच्या त्या बकरीच्या. वरून साहेबांचे फोन आले तरी. आता म्हातारपणी वासराचा मेंढा करणार नाही. तुम्ही नाव काढायला सांगा, नाव काढतो. जनावर नाही."

जमीरबेकनं किल्ली खिशात टाकली. नाव काढा असं मात्र तो म्हणाला नाही. हे मी तेव्हाच हेरलं. खुब्याखालचं आपलं नाव काढायला कुणाचा जीव होतो?

बाहेर मोटार थांबली. जिल्ह्याच्या बाई आत आल्या, मागून फोटो काढणारा, मागून दुइशेनकुल, इस्खाक आणि निम्मं गाव. चूल चांगली पेटली होती, त्यामुळे बाईंनी आधी तिचंच कौतुक केलं. पोरांनी मेंढा दाखवला. कुठल्या हाडानं काय होतं, जंत कुठे बसतो, सगळं सांगितलं. मग बाई फळीपाशी आल्या. त्यांनी एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, आणि त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. बाई आमच्यातल्याच होत्या. त्यांच्याही घरी सासरे असणार.

"बरं, मुलांनो," त्या म्हणाल्या, "एका मेंढ्याला खुबे किती?"

दुइशेनकुलनं टोपी काढली आणि आत काहीतरी शोधायला लागला. लहानगा खाली मान घालून उभा होता. बेगिमायनं आधी आजोबांकडे पाहिलं, मग प्रोफेसरकडे.

"दोनच," ती म्हणाली. "बाकीचे मानाचे."

आधी इस्खाक हसला, त्याच्या बिनदातांच्या तोंडानं. मग बाई. बाईंना डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. मग सगळी खोलीच हसली, दुइशेनकुलसुद्धा, आणि त्यानं नातीच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही.

"आमचे सासरे दर वेळी खुबाच घेऊन यायचे," बाई म्हणाल्या. "त्यांच्या लग्नातसुद्धा त्यांना खुबा मिळाला होता म्हणे! तुमचा कोणता हो, जमीरबेक? हा मोठा?"

फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला होता. "हा," जमीरबेक म्हणाला, आणि फळीच्या बाजूला जरा ताठ उभा राहिला.

"आजूबाजूच्या शाळांना पाठवते बघायला. खोली हिवाळ्यात उघडी असते ना? की बंद?"

सगळ्या पांढऱ्या टोप्या जमीरबेककडे वळल्या. त्याचा हात खिशात गेला.

"उघडीच असते की," तो म्हणाला. "किल्ली मी जरा... तेल घालायला नेली होती." आणि त्यानं ती लहानग्याच्या हातात दिली. तीही फुशारकीत, चार लोकांसमोर.

फोटो जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आला. जमीरबेक, वासराचा खुबा, आणि कोपऱ्यात लंगड्याचं अर्धं शेपूट. लहानगा फोटोत नाही. बिलियर्डचं टेबल मेव्हण्याच्या गोठ्यात गेलं. त्याच्यावर आता कोंबड्या बसतात आणि भोकांत अंडी घालतात, ती सापडायला सोपी पडतात म्हणे.

पण खरी पीडा त्यानंतर सुरू झाली. गावात कुठेही मेंढा कापला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी रुमालात खुबा घेऊन कचेरीत हजर. "माझाही ठेवा. नाव जरा ठळक." फळी भरली, दुसरी ठोकली. लहानगा कळवळून सांगतो, "मला मानेचे मणके द्या, जबडा द्या!" पण मान आणून द्यायला कुणी तयार नाही. तालायची आई दर शुक्रवारी येऊन कोकराच्या खुब्यावरची धूळ पुसून जाते.

पहिला बर्फ पडला तेव्हा जमीरबेकनं फोटोच्या आनंदात मेजवानी दिली. मानाच्या जागी आबा, शेजारी इस्खाक, आणि या वेळी लहानग्याला दुइशेनकुलच्याही वर बसवलं. तिथे दुइशेनकुल नवं दुःख जपायला लागला. आबांना खुबा आला. त्यांनी सावकाश मांस काढून खाल्लं, सुरीनं हाड स्वच्छ केलं, पाण्यानं धुतलं, बाहीला पुसलं आणि सगळ्यांच्या समोर लहानग्यापुढे धरलं.

"घे, बेशेन. मागचं कुत्र्यानं नेलं, ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं. तुझा मेंढा लंगडतो असं पोरं सांगतात."

लहानग्यानं हाड दोन्ही हातांनी घेतलं. दिव्याकडे धरलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मी मनात म्हटलं, लहानग्या, आज तरी गप्प बस. माझे बूट दारात काढलेले होते.

"उजवा आहे, आबा," तो म्हणाला.

"मग उजवा डावीकडे लाव. मेंढ्याला काय कळतंय?"

"मेंढ्याला नाही. पोरांना कळतं."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मान हलवली आणि हाड परत मागून घेतलं. ते त्यांनी पिशवीत टाकलं, कुत्र्यासाठी. आणि लंगड्या अजून तसाच उभा आहे, तीन पायांवर आणि एका तारेवर. चूल पेटली की त्याची सावली भिंतीवरच्या खुब्यांवर पडते आणि पोरं बूट काढून रांगेत बसतात.